टिक-८० वर पहिला गेम : हरभऱ्यातली जागल

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. रॅम दोन जीबी, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली, आणि मोबाइलची रेंज हवी असेल तर गच्चीवर जावं लागतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत याच संगणकावर सातवी-आठवीच्या पोरांनी आपला पहिला गेम पूर्ण केला. ‘पूर्ण केला’ हे मी मुद्दाम लिहितो. त्याआधी दोन वर्षं आम्ही मोठमोठी गेम बनवायची सॉफ्टवेअर उतरवत होतो. ती उतरवण्यातच डेटा संपायचा, उघडली की संगणक गोठायचा आणि सुट्टी संपायची. यंत्र लहान घेतलं तेव्हा काम तडीस गेलं. ते यंत्र कोणतं आणि त्यावर पहिला गेम कसा उभा करायचा, ते इथे लिहितो. प्रोग्रामिंग अजिबात येत नसलं तरी चालेल.

कधीच न बनलेलं यंत्र

टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलेत, त्यांना पिवळी कॅसेट आणि तिला मारलेली फुंकर आठवत असेल. तसंच एखादं यंत्र मनात आणा. त्याचा पडदा एवढा, रंग इतके, आवाजाच्या वाटा इतक्या, बटणं इतकी. फक्त ते कोणत्याही कारखान्यात बनलेलं नाही, निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. यालाच फँटसी कन्सोल म्हणतात. मराठीत कल्पित कन्सोल म्हणू. जुन्या यंत्रांना त्यांच्या मर्यादा नाइलाजाने आल्या होत्या. इथे बनवणाऱ्याने त्या विचार करून घातलेल्या असतात.

कल्पनेचं मूळ जुनं आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जोसेफ वाइसबेकर यांनी चिप-८ तयार केलं. १९७७च्या कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या संगणकावर त्यातून गेम लिहिता यायचे, आणि पडदा होता फक्त ६४ गुणिले ३२ ठिपक्यांचा. आजची लाट आणली ती पिको-८ ने. ते जोसेफ व्हाइट यांचं, लेक्सालॉफल या नावाने येतं. १२८ गुणिले १२८ ठिपके, १६ रंग, आणि अख्खा गेम ३२ केबीच्या कार्ट्रिजमध्ये मावला पाहिजे. २०१५ साली दोघांनी मिळून चार दिवसांत त्यावर ‘सेलेस्ट’ नावाचा गेम केला. तोच वाढवून २०१८ मध्ये मोठा गेम म्हणून आला आणि जगभर खेळला गेला. पिको-८ विकत घ्यावं लागतं. ब्राउझरमध्ये चालणारी त्याची शैक्षणिक आवृत्ती फुकट आहे, पण तिला इंटरनेट लागतं.

म्हणून आपल्यासाठी मी टिक-८० सुचवतो. वादिम ग्रिगोरुक यांनी ते बनवलंय, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं. पडदा २४० गुणिले १३६ ठिपक्यांचा, रंग १६, आवाजाच्या वाटा चार. कोड लिहायला, चित्र काढायला, नकाशा भरायला आणि आवाज करायला लागणारी साधनं सगळी आतच आहेत. वेगळं काही शोधत बसावं लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आणायचं कसं

तालुक्याला गेलात की एखाद्या ओळखीच्याकडे बसून टिक-८० च्या संकेतस्थळावरून आपल्या विंडोज किंवा लिनक्सला जुळणारी फाइल उतरवा आणि पेनड्राइव्हवर घ्या. फाइल अवघ्या काही एमबीची आहे. प्रो नावाची पैसे देऊन घ्यायची आवृत्तीही दिसेल. या कामाला तिची गरज नाही. अँड्रॉइड फोनवरही टिक-८० चालतं, पण फोनच्या कीबोर्डवर कोड लिहिणं फार जिकिरीचं. फोनच असेल तर ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडून घ्या.

उघडलं की काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण दिसते. इथे आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. ‘न्यू’ लिहा, एक जागा सोडा, ‘लुआ’ (एल, यू, ए) लिहा, एंटर दाबा. लुआ ही संगणकाची भाषा आहे, १९९३ साली ब्राझीलमधल्या एका विद्यापीठात जन्मलेली. नवशिक्याला तिच्यापेक्षा सोपी भाषा मी तरी पाहिलेली नाही. आता एस्केप दाबलं की संपादक उघडतो. एफ१ वर कोड, एफ२ वर चित्रं, एफ३ वर नकाशा, एफ४ वर आवाज, एफ५ वर संगीत. पुन्हा एस्केप दाबलं की परत काळा पडदा. लॅपटॉपवर या एफ-बटणांसोबत एफएन दाबून ठेवावं लागू शकतं.

पुढे जाण्याआधी कोड कसा वाचायचा ते सांगतो. मी पोरांना ओळी मोठ्याने सांगतो तशाच इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी, तेही लहान लिपीत. ‘एसपीआर’ म्हणजे एस, पी, आर ही तीन अक्षरं; ‘अ‍ॅब्स’ म्हणजे ए, बी, एस; ‘एमगेट’, ‘एमसेट’ म्हणजे एम हे अक्षर आणि त्याला जोडून गेट, सेट; ‘इफ’, ‘देन’, ‘एंड’ म्हणजे ते नेहमीचे इंग्रजी शब्द. एकच अपवाद आहे: ‘टिक’ हा शब्द टी, आय, सी असा मोठ्या लिपीत. तो लहान लिपीत लिहिला की गेम सुरूच होत नाही. पहिल्या दिवशी पाचातल्या तिघांचं इथेच अडलं होतं.

कशाचा गेम करायचा

पोरांना विचारलं तर पहिलं उत्तर येतं बंदूक, गाडी, झॉम्बी. ते करायला हरकत नाही, पण जे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं त्याचे नियम आपल्याला आधीच ठाऊक असतात, आणि गेम म्हणजे शेवटी नियमच. आमच्याकडे थंडीत हरभरा उभा असतो आणि रात्री रोही (नीलगायी) येतात. घरचं कोणी ना कोणी जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जातं, बॅटरी मारतं, डबा वाजवतं, हाकारे देतं. रोही पळतो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो. यात गेमला लागणारं सगळं आहे. रोह्याला मारायचं नाही, हाकलायचंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि खऱ्या वावरातही आपण तेच करतो. गेमचं नाव ठेवलं ‘जागल’.

चित्रं

एफ२ दाबा. चित्रांचे दोन कप्पे आहेत. एक जमिनीच्या फरशांचा, क्रमांक ० ते २५५. दुसरा हलणाऱ्या चित्रांचा, क्रमांक २५६ ते ५११. प्रत्येक चित्र ८ गुणिले ८ ठिपक्यांचं. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हातात आहे त्यांना हे लगेच जमतं. आमच्याकडे सगळ्यात चांगला रोही जिने काढला, तिची आई रोज अंगणात रांगोळी घालते.

दुसऱ्या कप्प्यात २५६ वर जागल्या काढा. डोक्याला दुपट्टा, हातात बॅटरीचा एक पिवळा ठिपका, बस. २५७ वर रोही. ६४ ठिपक्यांत रोही ओळखू यावा म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावर पोरं अर्धा तास भांडली. शेवटी ठरलं की पाठीचा उतार पाहिजेच, कारण रोह्याचे खांदे उंच आणि मागचा भाग खाली असतो. तो उतार नसला की ती गाय वाटते. शिंगांना दोन ठिपके पुरले. चित्राभोवतीची जागा ० या गडद रंगाची ठेवा, पुढे ती आपण पारदर्शक करणार आहोत.

मग पहिल्या कप्प्यात ३२ क्रमांकाच्या फरशीवर हरभऱ्याचं झाड काढा. एका ओळीत १६ चित्रं असतात, म्हणून ३२ म्हणजे तिसऱ्या ओळीतलं पहिलं. आधीच्या ओळींत नमुन्याची चित्रं असतात, त्यांना हात लावू नका. हिरवा रंग ६ क्रमांकाचा आहे.

वावर

एफ३ वर नकाशा आहे. पडदा ३० फरशा रुंद आणि १७ फरशा उंच. पूर्ण नकाशात असे ६४ पडदे मावतात, पण आपल्याला एकच पुरे. ३२ क्रमांकाची फरशी निवडून तासामागून तास, म्हणजे पिकाच्या ओळीमागून ओळ, भरत जा. अशा दोन तासांच्या मधे एक ओळ रिकामी ठेवली तर वावर वावरासारखं दिसतं. डावीकडचे दोन रकाने मोकळे सोडा, तो आपला धुरा (बांध).

पहिल्या ओळी

एफ१ दाबा, आधीचं सगळं पुसून टाका आणि हे लिहा:

एक्स=१२०
वाय=६४
फंक्शन टिक()
सीएलएस(०)
मॅप()
एसपीआर(२५६,एक्स,वाय,०)
एंड

कंट्रोल आणि आर एकत्र दाबा. वावराच्या मधात जागल्या उभा दिसला पाहिजे.

‘फंक्शन टिक’ पासून ‘एंड’ पर्यंतचा भाग यंत्र सेकंदाला ६० वेळा चालवतं. दर वेळी ‘सीएलएस’ पडदा पुसतं, ‘मॅप’ वावर काढतं, आणि ‘एसपीआर’ २५६ क्रमांकाचं चित्र एक्स आणि वाय या जागी ठेवतं. शेवटचं ० म्हणजे ० रंगाचे ठिपके पारदर्शक समज. एक्स डावीकडून उजवीकडे मोजतात हे सगळ्यांना पटतं. वाय मात्र वरून खाली मोजतात, वहीतल्या आलेखाच्या उलट; वाय वाढला की जागल्या खाली जातो. हे आधीच सांगा, नाहीतर पोरं गणिताच्या सरांना दोष देतात.

पडद्यावर लाल अक्षरांत काही आलं तर घाबरू नका. त्यात ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ उघडा, एक एक अक्षर ताडून पाहा. बहुतेक वेळा कंस मिटवायचा राहिलेला असतो किंवा शेवटचा ‘एंड’.

चालायला लावणं

‘सीएलएस’ च्या वर या चार ओळी घाला:

इफ बीटीएन(०) देन वाय=वाय-१ एंड
इफ बीटीएन(१) देन वाय=वाय+१ एंड
इफ बीटीएन(२) देन एक्स=एक्स-१ एंड
इफ बीटीएन(३) देन एक्स=एक्स+१ एंड

० वरचा बाण, १ खालचा, २ डावा, ३ उजवा. चालवून पाहा. पहिल्यांदा बाण दाबल्यावर आपण काढलेला माणूस हलतो तेव्हा पोरांच्या तोंडाकडे पाहावं, इतकंच म्हणतो.

जागल्या पडद्याबाहेर जाईल. त्याला अडवायला ‘इफ एक्स<० देन एक्स=० एंड’ अशी ओळ लागते. उजवीकडची हद्द २४० नाही, २३२, कारण जागा चित्राच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात आणि चित्र ८ ठिपके रुंद आहे. त्याच हिशोबाने खालची हद्द १२८. उरलेल्या तीन ओळी स्वतः लिहा.

रोही

सगळ्यात वर, ‘वाय=६४’ च्या खाली, चार नवी नावं द्या:

आरएक्स=-६०
आरवाय=४०
एन=०
के=०

पहिली दोन रोह्याची जागा, एन म्हणजे किती रोही हाकलले, के म्हणजे किती झाडं खाल्ली. मग ‘सीएलएस’ च्या वर:

आरएक्स=आरएक्स+०.५
इफ मॅथ.अ‍ॅब्स(एक्स-आरएक्स)<१२ अँड मॅथ.अ‍ॅब्स(वाय-आरवाय)<१२ देन
आरएक्स=-६०
आरवाय=मॅथ.रँडम(०,१२८)
एन=एन+१
एंड
इफ आरएक्स>२४० देन आरएक्स=-६० एंड

आणि जागल्याच्या ‘एसपीआर’ खाली:

एसपीआर(२५७,आरएक्स,आरवाय,०)
प्रिंट(एन,४,४,१२)
प्रिंट(के,२२०,४,१२)

‘मॅथ.अ‍ॅब्स’ दोघांमधलं अंतर काढतं. आडवं आणि उभं दोन्ही अंतर १२ ठिपक्यांपेक्षा कमी झालं की रोही पळाला असं धरायचं आणि पुढचा रोही पडद्याबाहेर उभा करायचा. उणे ६० पासून पडद्यावर दिसायला त्याला पावणेदोन सेकंद लागतात, तेवढा जागल्याला दम मिळतो.

वेग हा गेमचा जीव आहे. रोही सेकंदाला ३० ठिपके चालतो, म्हणजे वावर पार करायला ८ सेकंद. जागल्या त्याच्या दुप्पट. हे आकडे बदलून पाहाच. रोह्याला ०.९ केलं की गेम चिडवतो, ०.२ केलं की झोप येते. कोणता आकडा बरा हे सांगून कळत नाही, खेळूनच कळतं.

एका पोराने पहिल्याच संध्याकाळी ८० रोही हाकलले. पाहिलं तर पठ्ठ्या डाव्या कडेला उभा होता आणि नुसता वर-खाली करत होता. रोही पडद्यावर यायच्या आधीच १२ ठिपक्यांच्या आत सापडायचे आणि पळायचे, कुणाला दिसायचेही नाहीत. त्याने चूक केली नव्हती, नियमात भोक होतं. ‘इफ मॅथ.अ‍ॅब्स’ च्या ओळीत ‘देन’ च्या आधी ‘अँड आरएक्स>८’ एवढं वाढवलं आणि ते बुजलं. आपला गेम दुसऱ्याला खेळायला द्यायचा तो यासाठी.

खाल्लेली झाडं

रोही नुसता फिरला तर कुणाला काळजी वाटणार? ‘सीएलएस’ च्या वर हे घाला:

सीएक्स=(आरएक्स+४)//८
सीवाय=(आरवाय+४)//८
इफ एमगेट(सीएक्स,सीवाय)==३२ देन
एमसेट(सीएक्स,सीवाय,०)
के=के+१
एंड

ठिपक्यांच्या जागेला ८ ने भागलं की नकाशातली फरशी मिळते. ४ मिळवले कारण आपल्याला रोह्याच्या पोटाखालची फरशी हवी. तिथे हरभरा असेल तर ती रिकामी करायची. दोन ‘बरोबर’ चिन्हं सलग आहेत, एकच दिलं तर लाल अक्षरं येतील. आता रोही जातो तिथे मागे काळा पट्टा पडत जातो, आणि तो पाहून खेळणाऱ्याचा हात आपोआप घाईने चालतो. गेम थांबवून पुन्हा सुरू केला की वावर परत हिरवं होतं. मूळ नकाशा पुसला जात नाही.

आवाज

एफ४ वर आवाज ० निवडा. लहरीची रेघ पूर्ण खाली सपाट केली की खरखराट येतो, तो डबा वाजवल्यासारखा वाटतो. मग ‘एन=एन+१’ च्या खाली ‘एसएफएक्स(०,४८,१५)’ लिहा. पहिला आकडा आवाजाचा, दुसरा सुराचा, तिसरा किती फ्रेम (सेकंदाला ६० होणाऱ्या त्या फेऱ्या) वाजवायचं त्याचा. १५ म्हणजे पाव सेकंद. तिसरा आकडा विसरलात तर आवाज थांबतच नाही.

मराठीत नाव

‘प्रिंट’ ला फक्त इंग्रजी अक्षरं येतात. देवनागरी हवी असेल तर ती चित्र म्हणूनच काढावी लागते, आणि मला या कामात सगळ्यात जास्त गोडी वाटते. ८ ठिपक्यांच्या उंचीत मात्रा-वेलांटी मावत नाही, म्हणून उंचीला दोन चित्रं घ्या, म्हणजे १६ ठिपके. शिरोरेघ वरून पाचव्या ओळीवर ओढा. वरच्या चार ओळी वेलांटी आणि मात्रेला, खालच्या तीन उकाराला ठेवा. अक्षराला मधे आठ ओळी उरतात. शिरोरेघ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न्या, म्हणजे चित्रं शेजारी ठेवली की रेघ आपोआप जुळते. ‘जागल’ ला ज, काना, ग, ल अशी चार जोडचित्रं लागली. काना एकदा काढला की सगळीकडे चालतो. पडद्यावर आपल्या लिपीत नाव दिसलं तेव्हा पोरं आजीला बोलवायला पळाली.

जपून ठेवणं

काळ्या पडद्यावर ‘सेव्ह’, जागा, मग नाव, एंटर. एकदा नाव दिलं की पुढे कंट्रोल-एस पुरतं. दर दहा मिनिटांनी दाबाच. आमच्याकडे संध्याकाळी लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. दोन तास खपून काढलेलं माझं एक वावर असंच गेलं, आणि पुन्हा काढताना पहिल्यासारखं आलं नाही. ‘फोल्डर’ ही आज्ञा दिली की जिथे फाइल ठेवली ती जागा उघडते. तिथून ती पेनड्राइव्हवरही घ्या. फाइल फार लहान असते, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून सहज जाते. समोरच्याकडे टिक-८० असेल तर ‘लोड’ आणि नाव देऊन तो खेळू शकतो. वेबपान म्हणून काढायचं तर ‘एक्स्पोर्ट’ आज्ञा आहे, तिला मात्र इंटरनेट लागतं. आम्ही त्यासाठी संगणक नाही, फाइल घेऊन तालुक्याला जातो.

यापुढे काय वाढवायचं ते खेळणाऱ्यांनाच विचारा. आमचा गेम झाल्यावर आठवीतली एक मुलगी बराच वेळ नुसती पाहत होती. मग म्हणाली, “भाऊ, रोही असा कुठूनही नाही येत. धुऱ्याची बोराटी जिथं मोडली असते ना, तिथूनच घुसते.” तिचं खरं होतं. आम्ही डाव्या रकान्यात बोराटीचं (बोरीच्या काट्यांचं) कुंपण काढलं आणि वरून सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या फरशीला खिंडार ठेवलं. कोडमध्ये ‘मॅथ.रँडम(०,१२८)’ च्या जागी ‘मॅथ.रँडम(१,३)*४०’ केलं, म्हणजे रोही ४०, ८० किंवा १२० वरूनच येणार, आणि ती बरोबर खिंडाराची जागा आहे. रोही सरळ रेषेत चालू नये म्हणून ‘आरवाय=आरवाय+मॅथ.रँडम(-१,१)/२’ ही ओळही तिनेच मागून घेतली. आता ती कुंपण दुरुस्त करायचं बटण मागते आहे. बीटीएन(४), कीबोर्डवरचं झेड, मोकळंच आहे.